रोलर लिफ्टरची मुभा आणि एका हौशी ड्रॅग रेसरचे दोन हंगाम : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका प्रादेशिक ड्रॅग रेसिंग क्लबाचे आहे. इंजिनात रोलर लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा आणि तळाला चाक असलेला भाग, बसवण्याची मुभा या क्लबाने दिली, त्याभोवती ते फिरते. क्लबाचे, धावपट्टीचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाजू आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. ज्यांच्याभोवती प्रकरण फिरते त्यांना श्री. क म्हणू, त्यांचे इंजिन बांधणाऱ्या कारागिराला श्री. म, आणि क्लबाच्या नियम समितीच्या अध्यक्षांना श्रीमती स.

वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए, स्थापन केली, आणि पाव मैलाच्या, म्हणजे १,३२० फुटांच्या सरळ धावपट्टीवरील या खेळाला तिथून शिस्त येत गेली. आज हौशी मंडळी ज्या शर्यती धावतात त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. ब्रॅकेट शर्यतीत प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल ते आधीच काचेवर लिहितो. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडले जाते आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सहसा बाद ठरतो. तिथे इंजिनात कोणता भाग बसवला आहे याला फारसे महत्त्व नसते, कारण गाडी दर वेळी सारखीच धावली पाहिजे एवढीच अपेक्षा असते. थेट शर्यतीत दोन्ही गाड्या एकाच क्षणी सुटतात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. अशा वर्गात नियमपुस्तिकेतील प्रत्येक ओळीला किंमत असते, आणि ती किंमत शेवटी कोणाच्या तरी खिशातून जाते.

श्री. क ज्या वर्गात धावत होते तो थेट शर्यतीचा होता. जुन्या अमेरिकी गाड्या, लोखंडी सिलिंडर हेड, हेडमधील हवेचे मार्ग, म्हणजे पोर्ट, कोरण्यास मनाई, चार बॅरलचा एकच कार्ब्युरेटर, व्हॉल्व्हची उचल जास्तीत जास्त ०.४८० इंच, चालकासह किमान वजन ३,५०० पौंड आणि फ्लॅट टॅपेट हायड्रॉलिक कॅमशाफ्ट अशी चौकट होती. नोकरदार माणसाला सुटीच्या दिवशी परवडेल असा वर्ग असावा, हा त्या चौकटीमागचा उघड हेतू होता आणि बरीच वर्षे तो साधलाही. प्रकरण सुरू झाले तेव्हा वर्गात २८ गाड्या होत्या. श्री. क पन्नाशी ओलांडलेले, व्यवसायाने इलेक्ट्रिशियन. त्यांची गाडी सत्तरच्या दशकातील शेव्हरोले कूपे होती. तिच्यात ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे स्मॉल ब्लॉक इंजिन होते आणि ती पाव मैल बाराच्या आसपास सेकंदांत कापत असे.

अडचण

अडचण समजण्यासाठी फ्लॅट टॅपेटची रचना थोडी समजून घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे वाद तिच्यावरच झाले. कॅमशाफ्ट, किंवा नुसता कॅम, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा फिरता दांडा. त्यावरील उंचवट्याला, म्हणजे लोबला, टेकून व्हॉल्व्ह उचलणारा लिफ्टर या रचनेत चाकाविना असतो. त्याचा तळ सपाट म्हटला जात असला तरी तो अगदी किंचित फुगीर घडवलेला असतो, लोबला एका बाजूला एक-दोन हजारांश इंचाचा उतार दिलेला असतो, आणि लोबचा मध्य लिफ्टरच्या मध्यापासून जरासा सरकवलेला असतो. या तिन्ही गोष्टींमुळे लिफ्टर वरखाली होता होता स्वतःभोवतीही फिरत राहतो. तो फिरतो तोवर झीज सर्वत्र पसरते. फिरायचा थांबला की एकाच जागी घर्षण होऊन लोब काही मिनिटांत खाल्ला जातो. नवे इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते आयडलवर न ठेवता वीस ते तीस मिनिटे, मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर चालवावे लागते तेही याचसाठी, कारण लोबवर तेल पोहोचते ते मुख्यतः क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या शिंतोड्यांमधून.

इथे तेलाचाही भाग आहे. या घर्षणातून धातूला वाचवणारे झिंक आणि फॉस्फरसयुक्त रसायन धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरक कन्व्हर्टरला मारक ठरते, म्हणून २००४ मध्ये आलेल्या, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) एसएम या तेलाच्या प्रतीपासून प्रवासी गाड्यांच्या हलक्या ग्रेडच्या तेलांतील फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. नव्या गाड्यांना त्याचा त्रास नव्हता. फोर्डने १९८५ मध्ये ५.० लिटरच्या इंजिनात आणि शेव्हरोलेने १९८७ मध्ये स्मॉल ब्लॉकमध्ये रोलर लिफ्टर आणले होते, आणि इतर कारखान्यांनीही हळूहळू तोच मार्ग धरला होता. फ्लॅट लिफ्टरचा ग्राहक म्हणून उरले ते जुन्या गाड्यांचे मालक आणि असे हौशी रेसर. मागणी आटली तशी बनवणाऱ्यांची संख्याही आटली, आणि महासाथीनंतरच्या काळात तर चांगल्या लिफ्टरसाठी महिनोन्महिने थांबण्याची वेळ आली. जे मिळत होते त्यांतील काहींच्या तळाला पुरेसा फुगीरपणाच नसे.

श्री. क यांचा पहिला कॅम मे महिन्यात गेला. इंजिनात टकटक सुरू झाली, ताकद पडली, आणि व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर सातव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जेमतेम उचलला जात असल्याचे दिसले. कॅमचा लोब झिजतो तेव्हा नुकसान कॅमपुरते राहत नाही. लोखंडाची बारीक पूड तेलासोबत पंपात आणि बेअरिंगांत शिरते, त्यामुळे इंजिन पूर्ण उघडून धुवावे लागते. नवा कॅम, लिफ्टर, बेअरिंगे, गॅस्केटे आणि मशीन शॉपची मजुरी मिळून सुमारे १,२०० डॉलर गेले. ऑगस्टमध्ये दुसरा कॅमही गेला. तोपर्यंत वर्गातील आणखी चार जणांना हाच अनुभव आला होता आणि पिटमध्ये एकच निदान ऐकू येत होते : आजकालचे लिफ्टर वाईट आहेत.

निदान चुकीचे नव्हते, पण श्री. क यांच्या बाबतीत ते अपुरे होते. दुसऱ्या वेळीही सातव्या सिलिंडरचाच एक्झॉस्ट लोब गेला होता. लिफ्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, कॅम दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले, आणि सोळांपैकी नेमका तोच लोब दोन्ही वेळा झिजलेला, ही बाब त्या वेळी त्यांच्या वहीत नोंदली गेली होती, पण तिच्यावर कोणी थांबून विचार केला नाही. सगळ्यांचेच कॅम जात असताना आपला कॅम वेगळ्या कारणाने जात असेल, असे मनात येणे अवघड असते.

नियम बदलला

ऑक्टोबरमधील वार्षिक सभेत अकरा सदस्यांनी अर्ज दिला की व्हॉल्व्हची उचल आहे तेवढीच ठेवून हायड्रॉलिक रोलर लिफ्टरला परवानगी द्यावी. अर्जावर श्री. क यांची सही होती. समितीने निर्णय हिवाळ्यावर टाकला आणि जानेवारीच्या मध्यात चार विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. रोलर वापरणाऱ्या गाडीला ५० पौंड जादा वजन, बाकी काही नाही, आणि अंमल एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होणाऱ्या पहिल्या शर्यतीपासून. निर्णयपत्रात कारण एका ओळीत होते : टिकाऊपणा आणि सुट्या भागांची टंचाई.

मधल्या काळात श्री. क यांनी, परवानगी मिळेलच याची खात्री नसल्याने, नोव्हेंबरमध्ये तिसरा फ्लॅट टॅपेट कॅम मागवला होता. या वेळी त्यांनी पृष्ठभाग कठीण करणारी नायट्राइड प्रक्रिया केलेला कॅम आणि तळाला सूक्ष्म छिद्र असलेले लिफ्टर घेतले, ज्यांच्यातून तेल थेट लोबवर येते. त्यासाठी सुमारे ५५० डॉलर मोजले होते आणि माल परत करण्याची मुदत डिसेंबरअखेर संपली होती.

आता खरा प्रश्न. उचल तीच असेल तर रोलरने वेग का वाढावा? कारण फ्लॅट लिफ्टर व्हॉल्व्ह किती झपाट्याने उघडू शकतो याला लिफ्टरच्या व्यासाची मर्यादा असते. उघडण्याचा वेग फार वाढवला तर लोब लिफ्टरच्या कडेवरून निसटू पाहतो. शेव्हरोलेच्या लिफ्टरचा व्यास ०.८४२ इंच, फोर्डचा ०.८७५, क्रायस्लरचा ०.९०४. म्हणजे ज्या शेव्हरोलेवाल्यांची वर्गात बहुसंख्या होती, त्यांच्यावरच ही मर्यादा सर्वांत कडक होती. रोलरला ती लागू होत नाही. उचल तेवढीच राहते, व्हॉल्व्ह आपल्या जागेवरून सुटल्यापासून परत बसेपर्यंतचा कालावधीही तेवढाच ठेवता येतो, पण व्हॉल्व्ह लवकर वर जातो आणि जास्त वेळ वर राहतो, त्यामुळे हवेला अधिक वाव मिळतो. नियमातील ०.४८० इंचांचा आकडा शाबूत राहिला होता, पण त्या आकड्याने जे बांधून ठेवायचे ते मोकळे झाले होते.

मोठ्या संघटनांकडे यावर एक व्यवस्था असते. एनएचआरएच्या स्टॉक एलिमिनेटर वर्गात प्रत्येक गाडी आणि इंजिनाच्या जोडीला एक ठरवलेली अश्वशक्ती दिलेली असते, त्या आकड्याने वजनाला भागून वर्ग ठरतो, आणि एखादी जोडी अपेक्षेपेक्षा फार वेगवान धावू लागली तर तिचा आकडा वाढवला जातो. आकडा वाढला की गाडीला वजन चढवावे लागते. तिथे भाग बदलण्याची मुभा आणि तिची किंमत यांची सांगड आपोआप घातली जाते. या क्लबाकडे तशी यंत्रणा नव्हती. ५० पौंड हा आकडा सभेत कोणीतरी सुचवला आणि तो सगळ्यांना बरा वाटला, इतकीच त्याची पार्श्वभूमी होती.

समोर असलेले पर्याय

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात श्री. क आणि श्री. म यांनी बसून पर्याय मांडले.

पहिला पर्याय रोलरवर जाण्याचा. खर्च कॅम आणि लिफ्टरपुरता राहत नाही हे श्री. म यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. जुन्या ब्लॉकमध्ये लिफ्टरला वळू न देणारी कारखान्याची पट्टी नसते, म्हणून जोडपट्टीचे लिफ्टर लागतात. ते उंच असल्याने पुशरॉड, म्हणजे लिफ्टरची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे दांडे, सुमारे अर्धा इंच आखूड घ्यावे लागतात. ते जड असल्याने व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा अधिक ताठ हव्यात. फ्लॅट कॅमला लोबचा उतार मागे दाबून धरतो, रोलर कॅमला तो आधार नसतो, त्यामुळे पुढे थ्रस्ट बटण बसवावे लागते. पोलादी कॅमवर डिस्ट्रिब्युटरचा नेहमीचा लोखंडी गिअर टिकत नाही, तोही बदलावा लागतो. एकूण हिशेब सुमारे १,६०० डॉलरपर्यंत गेला, आणि नोव्हेंबरचे ५५० डॉलर वाया. श्री. म यांच्याकडे एप्रिलच्या मध्यापर्यंत कामाची रांग लागली होती, कारण मध्य-पश्चिमेत सगळ्यांचीच इंजिने हिवाळ्यात उघडतात.

दुसरा पर्याय घेतलेला फ्लॅट कॅम बसवून ५० पौंड हलक्या गाडीने धावण्याचा. तिसरा पर्याय वर्ग सोडून ब्रॅकेट शर्यतीत जाण्याचा, जिथे त्यांची गाडी आहे तशी चालली असती आणि कॅमचा प्रकार कोणी विचारलाही नसता. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत शहाणा मार्ग होता. पण श्री. क यांना काचेवर वेळ लिहून धावण्यात रस नव्हता. या माणसाने वीस वर्षे थेट शर्यतीसाठीच गाडी सांभाळली होती, आणि हौशी खेळात एवढे कारण पुरेसे मानले पाहिजे. चौथा पर्याय वजनाचा आकडा बदलून घेण्यासाठी समितीकडे जाण्याचा.

समितीकडे जायचे तर आकडे हवेत, म्हणून त्यांनी प्रथम कागदावर अंदाज काढला. या क्षेत्रात एक जुने ढोबळ सूत्र वापरले जाते : वजनाला अश्वशक्तीने भागायचे, त्याचे घनमूळ काढायचे आणि ५.८२५ ने गुणायचे, म्हणजे पाव मैलाची वेळ सेकंदांत मिळते. ३,५०० पौंड आणि ४०० अश्वशक्ती धरली तर १२.०० सेकंद येतात, जे श्री. क यांच्या गाडीशी जुळणारे होते. रोलरमुळे १२ अश्वशक्ती वाढली असे गृहीत धरले तर वेळ ११.८९ वर येते. ५० पौंड चढवल्यावर ती ११.९४ होते. उरलेला फरक ०.०६ सेकंदांचा, आणि ताशी ११३ मैलांच्या वेगाने अंतिम रेषा ओलांडणाऱ्या गाडीसाठी ते दहा फूट होतात. हौशी थेट शर्यतीतील बहुतेक निकाल याच्याहून कमी अंतराने लागतात. १२ अश्वशक्ती पूर्ण भरून काढायची तर वजन १०५ पौंड हवे होते.

हा अंदाज १२ या आकड्यावर उभा होता आणि तो आकडा श्री. म यांच्या अनुभवाचा होता, मोजलेला नव्हता. पुढे सगळा वाद इथेच अडकला.

केलेली कार्यवाही

श्री. क यांनी दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र निवडला. फ्लॅट कॅमच बसवायचा आणि वजनासाठी अर्ज करायचा.

इंजिन जोडताना श्री. म यांनी या वेळी घाई केली नाही. प्रत्येक दोन लिफ्टरचे तळ एकमेकांवर टेकवून ते डोलतात का, म्हणजे फुगीरपणा आहे का, हे पाहिले. सोळांपैकी तीन सदोष म्हणून परत पाठवले. कॅम बसवल्यावर, हेड चढवण्याआधी, प्रत्येक लिफ्टर आपल्या भोकात टाकून कॅम हाताने फिरवला. पंधरा लिफ्टर फिरले. सातव्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लिफ्टर वर-खाली होत राहिला, पण फिरला नाही. भोकाच्या खालच्या कडेला जुन्या दुरुस्तीतील एक ओरखडा उभा राहिलेला होता आणि त्याला तो अडत होता. अर्ध्या तासाच्या घासकामात ते भोक साफ झाले. मागील वर्षीचे दोन्ही कॅम त्या ओरखड्यामुळे गेले असावेत, हे सिद्ध करता येणार नाही. पण त्यानंतर त्या लोबने कधी त्रास दिला नाही. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना दुहेरी स्प्रिंगांतील आतली स्प्रिंग काढून ठेवली होती, पुशरॉडवर रंगाच्या खुणा केल्या होत्या, आणि सोळाही पुशरॉड फिरताना पाहिल्यावरच कव्हर बंद केले.

श्री. क यांनी ही गोष्ट समितीला कळवली. याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, कारण रोलरच्या मागणीवर त्यांची सही होती आणि त्यांच्या तक्रारीचा आधारच निम्मा ढासळला होता. उरलेल्या चार जणांच्या लिफ्टरमध्ये मात्र दोष होता, त्यामुळे टंचाईचे कारण खोटे ठरत नव्हते.

वजनाच्या अर्जावर समितीने मार्चमध्ये उत्तर दिले की कागदावरचे सूत्र पुरेसे नाही, हंगाम सुरू होऊ द्या. समितीतील एक सदस्य स्वतः इंजिन बांधणारे होते आणि त्यांच्या दुकानात त्या हिवाळ्यात रोलरची चार कामे चालू होती. त्यांनी जानेवारीतही मत दिले होते आणि मार्चमध्येही दिले. नियमपुस्तिकेत यास मनाई नव्हती. लहान क्लबात जाणकार माणसे मोजकी असतात आणि तीच व्यवसायात असतात, हे मान्य करूनही दुसऱ्या मताच्या वेळी त्यांनी बाजूला राहायला हवे होते असे माझे मत आहे.

परिणाम

पहिल्या शर्यतीला २८ पैकी सहा गाड्या रोलरवर होत्या. उपांत्य फेरीतील चारही गाड्या त्याच सहांपैकी निघाल्या. जूनपर्यंत अकरा जण रोलरवर गेले होते, त्यांतील निदान पाच जणांचे फ्लॅट कॅम पूर्ण शाबूत होते. म्हणजे टिकाऊपणासाठी दिलेली सोय ज्यांना टिकाऊपणाची अडचण नव्हती अशांनीही घेतली, आणि थेट शर्यतीत असे होणारच. समितीच्या निर्णयपत्रात ‘ऐच्छिक’ असे लिहिले होते; प्रत्यक्षात जिंकण्याची इच्छा असलेल्याला निवड उरली नव्हती. ज्यांना १,६०० डॉलर घालणे शक्य नव्हते किंवा घालावेसे वाटत नव्हते ते शांतपणे यायचे बंद झाले. सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीला १९ गाड्या होत्या. सोडून गेलेले नऊही जण फ्लॅट कॅमवाले होते.

तपासणीचीही एक अडचण वर आली. रोलर लावूनही न सांगणारा एक जण सापडला. इंजिन न उघडता ते ओळखायचे कसे, यावर तपासनीसांनी साधा उपाय काढला : कव्हर उघडून एक पुशरॉड काढायचा आणि लांबी मोजायची. स्मॉल ब्लॉकचा मूळ पुशरॉड ७.८ इंचांचा असतो. रोलर असेल तर तो अर्धा इंच आखूड निघतो. ही तपासणी नियमासोबत जानेवारीतच जाहीर झाली असती तर एका सदस्यावर अपात्रतेची आणि क्लबावर कटुतेची वेळ आली नसती.

श्री. क यांचा कॅम पूर्ण हंगाम टिकला. सहा शर्यतींपैकी चार वेळा ते दुसऱ्या फेरीत रोलरच्या गाडीकडून हरले आणि दोनदा हरण्याचे अंतर दहा फुटांच्या आत होते. ऑगस्टमध्ये श्रीमती स यांनी पुढाकार घेऊन एक चाचणी घडवून आणली. बाहेरगावच्या एका डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकच इंजिन आधी फ्लॅट आणि मग रोलर कॅमवर, उचल आणि कालावधी जवळपास सारखा ठेवून चालवले. खर्च क्लबाने केला. शिखरावरची वाढ ९ अश्वशक्ती निघाली, पण ४,५०० ते ६,५०० फेऱ्यांमधील सरासरी वाढ १३ होती. आणि गिअर बदलताना इंजिन त्याच पट्ट्यात वरखाली होत असल्याने गाडीला लागू पडतो तो सरासरीचाच आकडा. समितीने पुढील हंगामासाठी जादा वजन १०० पौंड केले. त्या हंगामात अंतिम विजेत्यांत दोन्ही प्रकारच्या गाड्या दिसू लागल्या आणि उपस्थिती २२ पर्यंत परतली. गेलेल्यांपैकी सहा जण आले नाहीत ते आलेच नाहीत.

दुसरा हंगाम संपल्यावर, इंजिन तसेही उघडायचे होते तेव्हा, श्री. क स्वतः रोलरवर गेले. वर्ग सोडणाऱ्या एका सदस्याकडून त्यांनी वापरलेला पोलादी कॅम घेतला आणि लिफ्टर नवे घेतले. फ्लॅट कॅमच्या बाबतीत असे करणे जोखमीचे असते, कारण वापरलेला लोब आणि नवा लिफ्टर यांचे जुळेलच असे नाही. रोलरमध्ये ते चालते. खर्च हजार डॉलरच्या आत राहिला.

निर्णयाचे टप्पे : काय वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा टप्पा जानेवारीचा नव्हता, ऑगस्टचा होता, जेव्हा तोच लोब दुसऱ्यांदा गेला. त्या दिवशी लिफ्टर हाताने फिरवून पाहिला असता तर श्री. क यांचा दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च नसता वाचला, पण त्यांनी नोव्हेंबरमध्ये महागडा कॅम घाईने घेतला नसता, आणि कदाचित अर्जावर सहीही केली नसती. अकराऐवजी दहा सह्यांनी निकाल बदलला असता असे नाही. तरी क्लबाने अर्जासोबत प्रत्येक बिघाडाची माहिती मागवायला हवी होती : कोणता लोब, कोणता लिफ्टर, कोणते तेल, पहिल्यांदा इंजिन कसे चालवले. पाच बिघाडांची अशी नोंद एका पानात मावली असती. सुट्या भागाच्या टंचाईवर नियम बदलण्याआधी टंचाईचा दोष किती आणि जोडणीचा किती हे वेगळे करता आले असते.

दुसरा टप्पा वजनाचा. डायनोची चाचणी ऑगस्टमध्ये जमली ती डिसेंबरमध्येही जमली असती. श्रीमती स यांचे यावर म्हणणे असे, की डिसेंबरमध्ये क्लबाकडे पैसे नव्हते आणि सदस्यांना मोजणीची गरज वाटत नव्हती. वादामुळे ती वाटू लागली. त्यात तथ्य आहे. पण मोजणी शक्य नसेल तर सुरुवातीचा आकडा जड बाजूला ठेवून नंतर कमी करणे अधिक योग्य ठरले असते. वजन नंतर उतरवले तर रोलर घेणाऱ्याचे नुकसान होत नाही, त्याची गाडी फक्त वेगवान होते. वजन नंतर चढवले तर त्याने ज्या हिशेबाने १,६०० डॉलर घातले तो हिशेबच बदलतो. हंगामाअखेर रोलरवाल्यांची नाराजी याच मुद्द्यावर होती आणि ती अवाजवी म्हणता येणार नाही.

तिसरा टप्पा तारखेचा, आणि मला तो सर्वांत स्वस्तात टाळता येण्यासारखा वाटतो. हौशी रेसर पैसे वर्षभर सारखे खर्च करत नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत तो भाग मागवतो, मशीन शॉपची वेळ घेतो, आणि तिथे निम्मे वर्ष ठरून जाते. जानेवारीच्या मध्यात आलेला नियम ज्याने अजून काही घेतले नव्हते त्याला फायद्याचा ठरला आणि ज्याने वेळेत तयारी केली होती त्याला शिक्षेसारखा. एक पर्याय चर्चेत आलाच नाही : पहिल्या वर्षी रोलरवाल्यांना वेगळ्या गुणतालिकेत धावू देणे. गाड्या सहा असताना ते हास्यास्पद वाटले असते, पण त्या वर्षीच्या वेळांतून समितीला फुकटात मोजणी मिळाली असती.

श्री. क यांच्या निवडीबद्दल मतभेद होऊ शकतो. फेब्रुवारीतच रोलरवर गेले असते तर एक हंगाम जिंकण्याच्या स्पर्धेत राहिले असते, असे श्री. म आजही म्हणतात. माझ्या मते थांबणे बरोबर होते. इंजिन पुढे उघडणारच होते, वजनाचा आकडा स्थिर झाला नव्हता, आणि बिघाडाचे खरे कारण नुकतेच सापडले होते. थांबण्याची किंमत त्यांनी चार पराभवांत मोजली, हे मात्र त्यांनी स्वखुशीने केले नव्हते.

क्लबाच्या नियमपुस्तिकेत आता असे आहे की इंजिनाच्या भागांबाबतचा कोणताही बदल १ ऑक्टोबरपूर्वी जाहीर होईल आणि मधला एक संपूर्ण हंगाम सोडून लागू होईल. सुरक्षिततेचे नियम याला अपवाद. कॅम, हेड किंवा कार्ब्युरेटर विकणाऱ्या सदस्याने त्या भागाच्या मतदानात भाग घ्यायचा नाही. गेल्या शरद ऋतूत तडे गेलेल्या जुन्या लोखंडी हेडऐवजी ॲल्युमिनियमच्या हेडला परवानगी मागणारा अर्ज आला. समितीने तो फेटाळलेला नाही आणि स्वीकारलेलाही नाही; एकाच इंजिनावर दोन्ही हेड लावून घेतलेले डायनोचे आकडे आणि तडे गेलेल्या प्रत्येक हेडचा तपशील आधी सादर करा, असे अर्जदारांना कळवले आहे. अर्जदारांत श्री. क नाहीत.